लेवीयाच्या पुस्तकात अडकलेली खूण

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या आहेत, एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करतात, लहानपणापासून ख्रिस्ती श्रद्धेत वाढल्या आहेत. गेली तीन वर्षं त्या १ जानेवारीला वर्षभरात सगळं बायबल वाचून काढायचं ठरवतात आणि तिन्ही वर्षी त्यांची वाचनाची खूण लेवीयाच्या, म्हणजे बायबलातल्या तिसऱ्या, पुस्तकात अडकली आहे. मोबाइलवरच्या ॲपमध्ये हुकलेल्या दिवसांचा आकडा वाढत जातो. तो बघवत नाही म्हणून आता त्या ॲप उघडतच नाहीत. मंडळीच्या (चर्चच्या) बायबल अभ्यासात इतर जण ‘आज देव या वचनातून माझ्याशी बोलला’ असं सांगतात, पण यांना बरेच महिने तसं काही जाणवलेलं नाही. १४ वर्षांच्या मुलीनं बायबलातल्या यरीहो नगराच्या, इस्राएलांनी तिथल्या लोकांच्या केलेल्या संहाराबद्दल विचारलं, त्यावर उत्तर सुचलं नाही. “आधी शास्त्र नीट समजून घ्यावं, मग ख्रिस्ती माणसासारखं जगायच्या गोष्टी कराव्यात असं मी ठरवलं आहे. पण समजतच नाही. मी काय करू? आज रात्री कुठून सुरुवात करू?” असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी ओघात त्यांनी एवढंच लिहिलं आहे : गेल्या ऑक्टोबरात ऑफिसात वरिष्ठांच्या चुकीचं खापर एका कनिष्ठ सहकारी मुलीवर फुटलं. खरं काय ते ताईंना ठाऊक होतं. चौकशीच्या बैठकीत ‘कुणाला काही सांगायचं आहे का’ असं विचारलं गेलं, तेव्हा त्या गप्प बसल्या. त्या मुलीची बढती अडली. “पण तो वेगळा विषय आहे.”

प्रिय ताई,

पहिल्या वाचनात तुमचं ते शेवटचं वाक्य माझ्याकडून निसटलं. दुसऱ्या वाचनात तेच टोचत राहिलं. त्याच्याकडे मी येणार आहे. पण आधी लेवीयाबद्दल बोलू या. तिथे अडकणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, आणि तिथे अडकल्यावरून स्वतःच्या श्रद्धेची पत ठरवण्याचं काहीच कारण नाही.

प्रोटेस्टंट परंपरेच्या बायबलात ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय आहेत. ते वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय वाचावे लागतात. उत्पत्ती आणि निर्गम मिळून ९० अध्याय होतात, म्हणजे या चालीनं जानेवारी संपता संपता ती दोन पुस्तकं हातावेगळी होतात. उत्पत्तीत अब्राहाम, याकोब, योसेफ यांची गोष्टच आपल्याला ओढून नेते. निर्गमात फारो आहे, पीडा आहेत, दुभंगलेला समुद्र आहे. मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, पडद्यांची लांबी, फळ्या, खुंट्या, कड्या. त्यापुढे लेवीय येतं : होमबली, अन्नबली, कातडीवरचे चट्टे, घराच्या भिंतीवरचे डाग. गोष्ट थांबते आणि वाचणाराही थांबतो. कायद्याचं पुस्तक कादंबरीच्या वेगानं वाचायला घेतलं की दुसरं काय होणार? तुमचं मन कमी पडलेलं नाही, वाचनाची चाल त्या पुस्तकाला शोभणारी नाही.

आता त्या ॲपबद्दल. दिवसभर आकडे जुळवणाऱ्या माणसाला थकबाकीचा आकडा डोळ्यांपुढे असताना चैन पडत नाही, हे मी समजू शकतो. पण हळूहळू काय झालंय बघा. तुम्ही देवाच्या दारात लेक म्हणून जायच्या, त्या आता थकबाकीदार म्हणून उभ्या राहता आहात, आणि थकबाकीदार सावकाराची गल्ली चुकवतो. ती मोजणी बंद करा. आजच करा. बायबलात कुठल्याही पुस्तकानं वर्षभरात ६६ पुस्तकं संपवण्याची आज्ञा केलेली नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या शतकातल्या बहुतेक विश्वासणाऱ्यांना वाचताच येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांच्यापैकीही फारच थोड्यांकडे स्वतःची प्रत असेल. पौल या प्रेषिताची पत्रं मंडळी जमली की मोठ्यानं वाचली जात. कलस्सै इथल्या विश्वासणाऱ्यांना तो लिहितो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा, आणि तिकडचं पत्र तुम्ही वाचा. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँगटन यांनी केली असं मानलं जातं, आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे क्रमांक रॉबेअर एस्तिएन या मुद्रकानं १५५१ साली घातले. छापखानाच मुळी पंधराव्या शतकाच्या मध्याचा. म्हणजे चौदा-पंधराशे वर्षं असंख्य माणसं रोज एकट्यानं बायबल न वाचता ख्रिस्ताच्या मागे चालली, त्याच्यासाठी तुरुंगात गेली, त्याच्या नावानं आजाऱ्यांची सेवा करत राहिली. एकट्यानं रोज वाचता येणं हे आपल्याला मिळालेलं मोठं दान आहे, मी ते कधीच सोडणार नाही. पण दानाचं कुणी परीक्षेच्या गुणपत्रकात रूपांतर केलं तर ते मात्र मला मान्य नाही.

‘देव माझ्याशी बोलला’ या अनुभवाबद्दलही तुमच्या मनात एक चित्र ठरून गेलं आहे. सकाळी पान उघडायचं, एक वचन झळकायचं, आणि त्यात आपल्या आजच्या प्रश्नाचं उत्तर सापडायचं. असं घडतं. जे असं सांगतात त्यांच्यावर मी शंका घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. पण वचन कुणाला लिहिलं गेलं होतं हे विसरून त्याला आपल्या खिशात टाकलं की ते हलकं होतं. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो’ हे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचं वचन परीक्षेआधी, मुलाखतीआधी एकमेकांना पाठवलं जातं. ते मुळात बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहूदी लोकांना पाठवलेल्या पत्रात आहे. त्याच पत्रात यिर्मया त्यांना सांगतो की सुटका सत्तर वर्षांनी होईल, तोवर घरं बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला कैद करून नेलंय त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे पत्र ऐकणाऱ्या अनेकांना परतीचा दिवस बघायला मिळणार नव्हता. एवढं कळल्यावर त्या वचनातला दिलासा कमी होत नाही. तो लांब पल्ल्याचा होतो.

पान उघडलं आणि आयुष्य पालटलं, याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताचं. ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत तो रडत बसला होता. ‘घे, वाच’ असा कुणा मुलाचा आवाज त्यानं ऐकला, पौलाचं पुस्तक उघडलं आणि रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायावर त्याची नजर पडली. ही गोष्ट सांगताना एक भाग बहुतेकदा गळतो. तो त्याआधी बराच काळ पौल वाचत होता, आणि आपल्याला काय सोडायचं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो ते टाळत होता. त्या दिवशी त्याला नवी माहिती मिळाली नाही. माहीत असलेल्या गोष्टीपासून पळणं थांबलं.

ताई, आता मी तुमच्या ‘वेगळ्या विषया’कडे येतो.

तुमची खूण लेवीयाच्या नेमक्या कुठल्या अध्यायात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाचव्या अध्यायाचं पहिलं वचन एकदा उघडून बघा. तिथे बळीच्या नियमांच्या मधोमध एका माणसाचा उल्लेख आहे. साक्ष द्यायला उघडपणे बोलावलं गेलं, त्यानं पाहिलेलं होतं किंवा त्याला ठाऊक होतं, आणि तो बोलला नाही. अशा माणसाला आपल्या दोषाचा भार वाहावा लागेल, असं ते वचन म्हणतं. पुढच्याच, सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला शेजाऱ्याची फसवणूक करणाऱ्याबद्दल नियम आहे. त्यानं घेतलेलं पूर्ण परत करायचं, वर पाचवा भाग घालायचा, ज्याचं त्याच्या हाती द्यायचं, आणि त्याच दिवशी दोषार्पण आणायचं. एकोणिसावा अध्याय तर तुमच्या टेबलावर बसून लिहिल्यासारखा आहे : मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नका, न्याय करताना गरिबाची भीड नको आणि बड्याचीही नको, तागडी खरी, वजनं खरी, मापं खरी. आणि याच अध्यायाच्या अठराव्या वचनात ती आज्ञा आहे, जी येशूनं सगळ्या नियमशास्त्रातली दुसरी मोठी आज्ञा म्हणून उचलली : शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर.

ज्या पुस्तकाला आपण बळींचं आणि डागांचं रुक्ष पुस्तक म्हणून ओलांडू बघतो, ते वेदी आणि ऑफिस यांच्यात भिंत घालतच नाही. उपासना, मजुरी, तागडी, साक्ष, सगळं एकाच दमात येतं. तुम्ही मात्र पत्रात दोन खाती उघडली आहेत. एक बायबल वाचनाचं, ते रिकामं म्हणून तुम्ही रडता आहात. दुसरं ऑक्टोबरातल्या बैठकीचं, ते ‘वेगळा विषय’ म्हणून बंद केलंय. मला वाटतं, ही दोन्ही एकच खातं आहेत.

इथे मला फार जपून बोलायला हवं, तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठीही. मन कोरडं पडलं म्हणजे कुठलं तरी पाप लपलेलं आहे, असा नियम नाही. असा नियम संकटात सापडलेल्या ईयोबाला त्याचे मित्र सांगत होते आणि देवानं त्यांना फटकारलं. ८८वं स्तोत्र घ्या. ते तक्रारीनं सुरू होतं आणि अंधारातच संपतं, कुठलीही कबुली नाही, शेवटी आशेची ओळ नाही. माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी तेच एक स्तोत्र वाचू शकत होतो, बाकीची स्तोत्रं ओठांवर येत नव्हती. देवाच्या पुस्तकात अशा दिवसांसाठीही शब्द ठेवलेले आहेत याचा मला तेव्हा किती आधार वाटला, ते मी आजही सांगू शकत नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला प्रवचन दिलं नाही. त्याला झोपू दिलं, उठवून खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. तेव्हा कुणी थकलेलं असेल, शोकात असेल, महिनोन् महिने झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर त्यानं आपल्या पापांची यादी करत बसू नये. आधी विश्रांती घ्यावी, डॉक्टरांकडे जावं, कुणाजवळ तरी बोलावं.

पण तुमच्या पत्रात एक तारीख आहे. ऑक्टोबर. ‘बरेच महिने काही जाणवलं नाही’ असं तुम्ही लिहिता आणि दोन परिच्छेदांनंतर तो महिना स्वतःच नोंदवता. ३२व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. कदाचित देव तुमच्याशी बोलायचा थांबलेला नाही. कदाचित तो इतके महिने एकच वाक्य बोलतो आहे, आणि ते ऐकू नये म्हणून तुम्ही त्याच्याकडे नवं वाक्य मागता आहात. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. तसा असेल तर तो तुम्हालाच कळेल, त्यासाठी माझी गरज नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, तू आपलं दान वेदीजवळ आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन दान दे. हे ऐकणाऱ्यांत गालीलातली माणसं होती. वेदी होती यरुशलेमेत, पायी कित्येक दिवसांच्या वाटेवर. म्हणजे दान तिथेच सोडून घरी यायचं, समेट करायचा, आणि पुन्हा तेवढीच वाट तुडवायची. येशूला हे ठाऊक होतं. तरी त्यानं क्रम तोच ठेवला. तुमचं वाचन हेही दानच आहे. ते थोडे दिवस वेदीजवळ राहिलं तरी चालेल.

‘आधी समजून घेईन, मग जगेन’ हा तुमचा क्रम मला म्हणूनच उलटा वाटतो. योहानाच्या सातव्या अध्यायात येशू म्हणतो की जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार असेल, त्याला ही शिकवण कुणाची आहे ते समजेल. तयारी आधी, उमज मागून. पोहण्याबद्दल कितीही वाचलं तरी पाणी अंग उचलून धरतं हे पाण्यात उतरल्यावरच पटतं, तसंच हे. क्षमेवरचे दहा उतारे मी अनेक वर्षं वाचले होते. एकदा एका नातेवाइकाकडे जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणावं लागलं, त्या दिवसापासून ते उतारे मला वेगळे दिसतात. शब्द तेच आहेत.

मग प्रत्यक्षात काय करायचं? इथे घाई नको. निनावी पत्र लिहून वरच्यांना कळवण्याचा विचार तुमच्या मनात आला असेल. तो मी सोडून द्यायला सांगेन. निनावी पत्र आलं की पहिला संशय त्या मुलीवरच जाईल, तीच स्वतःची बाजू लावून धरतेय असं वाटेल, म्हणजे एकदा ती दुसऱ्याच्या चुकीसाठी भरडली गेली, आता तुमच्या भीतीसाठी भरडली जाईल. थेट वरिष्ठांकडे जाऊन सगळं बोलून टाकणं धाडसाचं दिसतं. पण त्यात तिचं आयुष्य तिला न विचारता पुन्हा चौकशीच्या टेबलावर येतं. तिनं कदाचित दुसरी नोकरी शोधली असेल. कदाचित घरी काही सांगितलं नसेल. हा निर्णय निम्मा तिचा आहे.

म्हणून आधी तिच्याकडे जा, एकटीला गाठून, ऑफिसाबाहेर. आणि जाताना एक काळजी घ्या : स्वतःचं ओझं उतरवून तिच्या हातात देऊ नका. ‘मला झोप लागत नाही, तू मला माफ कर’ असं म्हटलं की तुम्हाला धीर द्यायचं काम तिच्यावर येऊन पडतं. साधं बोला. मला माहीत होतं, मी बोलले नाही, ते चुकलं, आता मी बोलायला तयार आहे, तुला काय हवंय? मग थांबा. ती रागावेल, गप्प राहील, उठून जाईल, किंवा ‘आता काय उपयोग’ म्हणेल. तिला त्याचा पूर्ण हक्क आहे. माफी मागणाऱ्यानं माफीची वसुली करायची नसते.

ती ‘बोला’ म्हणाली तर लेखी बोला. काय पाहिलं, कुठल्या तारखेला, कुठल्या कागदावर, एवढंच. वरिष्ठांच्या स्वभावाबद्दल एकही विशेषण नको. तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, कोरड्या नोंदीचं वजन तुम्हाला ठाऊक आहे. ती ‘नको’ म्हणाली तर तिच्या मनाविरुद्ध प्रकरण उकरू नका. पण मग लेवीयातला तो पाचवा भाग आठवा. नुसती भरपाई नव्हे, वर थोडं. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर फसवलेल्यांना चौपट द्यायला निघाला होता. तुमच्या हातात काय आहे ते तुम्हीच बघा : तिच्या कामाबद्दल योग्य माणसाला सांगितलेले चार शब्द, पुढच्या बढतीच्या वेळी दिलेली शिफारस, पुढच्या बैठकीत तिच्या बाजूची खुर्ची.

यात धोका आहे, तो मी लहान करून सांगणार नाही. वरिष्ठ दुखावले तर तुमच्या नोकरीला झळ लागू शकते, आणि तुमच्या पगारावर घरातलं कोण कोण अवलंबून आहे ते मला माहीत नाही. आपल्या लोकांचा संहार ठरलेला असताना राणी एस्तेरलाही ‘या वेळी तू गप्प राहिलीस तर’ असा निरोप आला, तेव्हा ती धावत राजाकडे गेली नाही. तिनं तीन दिवस मागितले आणि सगळ्यांना आपल्यासाठी उपास करायला सांगितलं. म्हणजे तिनं वेळ घेतला, पण दिवस ठरवून घेतला, आणि हे ओझं एकटीनं उचललं नाही. तुम्हीही घरच्यांना सांगा. मंडळीतल्या एखाद्या पोक्त, तोंडाचा पक्का अशा माणसाला सांगा. तो पाळकच असला पाहिजे असं नाही. कंपनीच्या नियमांत तक्रारीची वाट कशी आहे ते आधी वाचून घ्या. आणि दिवस ठरवा, नाहीतर ‘वेळ घेणं’ म्हणजे पुन्हा गप्प राहणंच ठरेल.

हे सगळं करून देवाची मर्जी मिळवायची आहे असं मात्र समजू नका. ते आधीच झालेलं आहे, क्रुसावर. मला तुमच्यासाठी येशूचा शिष्य पेत्र आठवतो. येशूला अटक झाली त्या रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी तो ऊब घेत उभा होता आणि तिथेच त्यानं ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू त्याला भेटतो, तिथेही कोळशाची शेकोटी पेटलेली आहे. मूळ ग्रीक भाषेतला तो शब्द सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. येशू त्याला त्या पहिल्या शेकोटीच्या आठवणीपासून दूर नेत नाही. तो स्वतः तशीच शेकोटी पेटवतो, आधी न्याहारी देतो, मग तीनदा विचारतो ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ आणि तीनदा काम सोपवतो. तुम्हाला ज्या गोष्टीकडे परत जायला मी सांगतो आहे, तिथे तुमच्याआधी तो पोचलेला आहे, एवढं धरून चला.

लेकीच्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. यरीहोचा उतारा मलाही जड जातो. १४ वर्षांच्या मुलीला घाईनं बनवलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. त्यापेक्षा ‘मलाही हे कळत नाही, आपण दोघी मिळून बघू’ हे उत्तर तिच्या श्रद्धेला जास्त दिवस पुरेल. मग तिच्याबरोबर त्याच गोष्टीतली राहाब वाचा, शत्रूच्या नगरातली ती बाई वाचली आणि पुढे येशूच्या वंशावळीत आली. योनाचं पुस्तक वाचा. चारच अध्याय आहेत, आणि शेवटी शत्रूच्या नगराची देवालाच कीव येते, तिथल्या जनावरांचीसुद्धा. लूकच्या नवव्या अध्यायात शिष्य एका गावावर आकाशातून अग्नी मागवू बघतात आणि येशू त्यांना दटावतो, तेही वाचा. यानं प्रश्न सुटणार नाही. पण येशूकडे बघत बघत तो प्रश्न धरून ठेवायला ती शिकेल.

वाचनाचं म्हणाल तर पुढचे काही महिने फक्त मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, दीड-दोन तासांत मोठ्यानं वाचून होतो. एकदा सलग वाचा, लेकीला ऐकायला बसवलं तर उत्तमच. नंतर रोज एकच प्रसंग, दहा-पंधरा वचनांचा. पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणाऱ्याचं वर्णन आहे. तिथल्या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ पुटपुटणं, गुणगुणणं असा आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात हाच शब्द शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी येतो, आणि घुमणाऱ्या पारव्यासाठीही. म्हणजे मनन करायला मोकळा तास आणि शांत खोलीच लागते असं नाही. सकाळी वाचलेलं एक वाक्य दिवसभर ओठांत घोळवलं, कामाला जाताना, भांडी आवरताना, की तेही मननच. दिवस हुकला तर हुकला. दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचंच वाचा, कालची बाकी ओढू नका.

आणि एकट्यानं वाचू नका. कूश देशाचा तो अधिकारी रथात बसून यशया वाचत होता. ‘जे वाचता ते समजतं का?’ असं सुवार्तिक फिलिप्पानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. बायबल अभ्यासाच्या गटात तुम्ही एकदा एवढंच म्हणून बघा : ‘मला काही महिने काहीच जाणवलेलं नाही.’ बहुतेक तेव्हाच दुसरं कुणीतरी मान हलवेल. लेवीयाकडे वर्षभरानं परत या, एकोणिसाव्या अध्यायापासून, आठवड्याला चार वचनं.

आज रात्री कुठून सुरुवात करू, असं तुम्ही विचारलं होतं. आज रात्री काही वाचू नका. तिला एक निरोप पाठवा, या आठवड्यात भेटायचंय म्हणून, आणि झोपा. मार्क भेटीनंतर उघडा. ती काय म्हणाली ते जमलं तर कळवा. काहीच म्हणाली नाही, तरी कळवा.